उपरण्याखालचा शब्द

“काय ओ बाई, बैल बघताय का नुसतीच वाट आडवताय?”

भर बाजारात मला असं विचारणारा माणूस माझा सख्खा बाप होता.

मी पहाटेपासून चालत आले होते. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पायांत फुफाटा आणि घशाला कोरड. सिदोबाच्या माळावर चैत्राची जत्रा भरली होती, जिकडे बघावं तिकडे शिंगंच शिंगं. ‘आप्पा’ अशी हाक ओठांवर आली होती, ती मी तशीच गिळली.

आदल्या सकाळी आप्पा आणि माझे मालक आमची तांबडी खोंडं घेऊन जत्रेला निघाले होते. मालकांचं नाव शिदू. आता या वयात नवऱ्याचं नाव घ्यायला मला कुणाची भीती नाही, पण तेव्हा होती. हे रात्री परत यायचे होते, ते आलेच नाहीत. पहाटे शेजारचा भिवा जत्रेवरून आला तो सांगत, “हौसा, तुझा बा पांढरी खिल्लारी जोडी इकतोय. तुमची न्हवं. मी हाक मारली तर धोंड्याकडं बघावं तसं बघितलं त्यानं. आन तुझा मालक तर कुठं दिसंनाच.” मी भाकरी बांधली, घराला कडी घातली आणि निघाले.

माझा बाप येसू हेडी. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. एकदा पाहिलेला बैल दहा वर्षांनी नुसत्या चालीवरून ओळखणारा माणूस. त्याने पोटच्या पोरीला ओळखलं नाही, म्हणजे ओळखायचं नाही असंच त्याच्या मनात होतं. एवढं कळायला मला वेळ लागला नाही.

“बघायचं हाईत म्हणून तर आलेय,” मी म्हणाले. “फुकट वाट आडवायला मला घरात काम न्हाई व्हय?”

असं बोलत मी नजर फिरवली. आप्पा जमिनीवर बसला होता. चैत्राच्या उन्हात त्याने मांडीवर घोंगडं घेतलं होतं. त्याच्या मागे एक आडदांड माणूस हातात पराणी घेऊन उभा होता. बैलाला टोचायची ती लोखंडी टोकाची काठी त्याने आप्पाच्या पाठीला जवळजवळ टेकवली होती. थोडं पलीकडे, कानात बाळी घातलेला दुसरा एक जण सायकलवर रेलून माझ्याकडेच बघत होता. माझे मालक कुठेच नव्हते.

“राऊ,” बाळीवाल्याने आडदांडाला हाक मारली, “गिऱ्हाईक दिसतंय रं.”

“मग बोल की म्हाताऱ्या,” राऊ आप्पाला म्हणाला.

“बाईचा सौदा मी घेत न्हाई,” आप्पा म्हणाला. “मालकाला पाठवा.”

“मालक तापानं फणफणल्यात. नांगरट त्यांच्या तापासाठी थांबणार हाय व्हय?”

“ते काय मला सांगू नका. उपरण्याखाली हात घालणं बाईमाणसाचं काम न्हाई.”

आजूबाजूचे दलाल हसायला लागले. एक म्हणाला, “आता बाया सौदं करणार! उद्या लांग कसून आखाड्यात उतरतील!” माझी कानशिलं तापली, पण मी हलले नाही. आप्पानेच मला ती वाट काढून दिली होती. उपरण्याचा विषय त्यानेच आणला होता, मी नव्हे.

राऊला घाई झालेली दिसत होती. तो खेकसला, “घे की रं. पैशाला काय लुगडं-धोतर असतंय?”

“बसा मग,” आप्पा कुरकुरत म्हणाला. मी त्याच्यासमोर फतकल मारली आणि त्याने खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली तेवढा आकडा. शंभर माणसं भोवती उभी असली तरी त्यांना फक्त हलणारं कापड दिसतं. पण आकडे म्हणजे त्या बोलीतली नुसती मुळाक्षरं. तळव्यात नख ओढलं की जनावरात खोड आहे. मनगटावर दोनदा टिचकी मारली की माल चोरीचा. बोटावर बोट पिळलं की जोडी. ओंजळीसारखा तळवा वाकवला की पाणी, कारण मीठ चारून पाणी पाजून पोट फुगवलेला बैल बाजारात कधीही येतो. आचळासारखं बोट ओढलं आणि मूठ मिटली की भाकड. अंगठा दाबला तर विकणारा, करंगळी दाबली तर घेणारा. आणि उघडा तळवा तळव्यावर सपाट ठेवला की बिनखोड.

आई मी लहान असतानाच गेली. आप्पा मला बैलांबरोबर बाजारात न्यायचा आणि संध्याकाळी ओट्यावर माझ्या हातांवर उपरणं टाकून हा खेळ खेळायचा. मला तो खेळच वाटायचा. तेव्हा एकदा मी गंमत म्हणून खोटा आकडा दिला, तर त्याने उपरणं काढून घेतलं. म्हणाला, “तोंड बाजाराचं असतंय, हौसा. तोंडानं लाख थापा मार. बोटं देवाची. उपरण्याखाली खोटं बोलायचं न्हाई.” तो स्वतः कधी तसं खोटं बोलला नाही, हे साऱ्या माळाला ठाऊक होतं. म्हणून येसू हेडीच्या हातून गेलेल्या बैलाची पावती कुणी मागत नसे. मी शहाणी झाले, वयात आले, तसा त्याने माझा बाजार बंद केला आणि खेळही बंद केला. त्यानंतर त्याचा हात माझ्या हातात आज पहिल्यांदा येत होता.

तो हात गार पडला होता. एवढ्या उन्हात गार.

“बोला,” आप्पा मोठ्याने म्हणाला आणि माझ्या मनगटावर दोनदा टिचकी मारली.

चोरीचा माल. ते मला जोडी बघूनच वाटलं होतं; आप्पाच्या हातून गेली तर पावती कुणी मागणार नव्हतं. मी म्हणाले, “दात बघितल्याबिगर कशी बोलू? म्हातारी जनावरं गळ्यात मारताल.”

“चौसा हाईत चौसा, चार दातांची! डोळं फुटलं काय?” असं ओरडता ओरडता त्याने माझं बोट बोटावर पिळलं. जोडी. मग माझी करंगळी दाबली. घेणारा. मला उमजेना. घेणाऱ्याची जोडी? त्याने पुन्हा तेच केलं, करंगळी जोरात दाबली. घेणारी मी. माझी जोडी. माझ्या जुवातला दुसरा. म्हणजे माझे मालक.

“काय घसाघसा बोटं चोळताय?” मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, तो लोकांना बाईचा भित्रेपणा वाटला असावा. “एवढा भाव ऐकला तर सिदोबा बी खाली उतरंल.”

आणि उपरण्याखाली मी विचारलं, नख ओढून. खोड?

त्याने नख ओढलं. खोड. मग माझा तळवा वाकवला. पाणी. लगेच बोट ओढून मूठ मिटली. भाकड. पुन्हा पाणी, पुन्हा भाकड. आमच्या गावाहून जत्रेला येताना ओढ्याकाठी एक विहीर लागते. तिला कधी पाण्याचा टिपूस नसतो, म्हणून लोक तिला भाकड विहीर म्हणतात. सकाळीच तिच्यावरून मी आले होते. कठड्यावर एक पोरगेला माणूस बिडी ओढत बसला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून पदर सावरत पुढे गेले होते.

आप्पाने माझ्या तळव्यावरून मनगटाकडे हळूच बोट फिरवलं. बुजरा बैल असला की ही खूण करतात. दमानं घे, गडबड करशील तर उधळेल. पलीकडे बाळीवाला सायकलच्या पायट्यावर पाय ठेवून उभा होता. इथे ओरडा झाला की तो टांग मारून विहिरीवर जाणार, हे मला सांगावं लागलं नाही.

“काय म्हणती ही?” राऊ पुढे वाकला. “कवाचं चाललंय तुमचं?”

“उपरण्याखालचं तोंडानं सांगायचं नसतंय,” आप्पा म्हणाला.

“मला सांगायचं. माझी जोडी हाय.” त्याने हात घालून उपरण्याची कड धरली.

तेवढ्यात शेजारच्या दावणीवरचा एक म्हातारा दलाल गरजला, “ए! उपरणं उचलतोस? कुठल्या गावचा रं तू?” आसपासची पाच-पंचवीस डोकी एकदम वळली. भरल्या सौद्यावरचं उपरणं उचलणं म्हणजे देव्हाऱ्यात पायताण घालून जाणं. राऊला ते माहीतच नव्हतं, कारण बैलांशी त्याचा संबंध फक्त चोरण्यापुरता. लोकांचे चेहरे बघून त्याने कड सोडली आणि खोटं खोटं हसला.

मला उठायला हवं होतं. पण माझ्याच्याने उठवेना. आप्पाच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ पांढरे पडले होते. मी त्याचा अंगठा दाबला आणि तळव्यात नख ओढलं. तुला? तुला काही खोड?

आप्पाने माझ्याकडे पाहिलं. मग आपला तळवा उघडला आणि माझ्या तळव्यावर सपाट ठेवला.

बिनखोड.

माझा जीव भांड्यात पडला. माझ्या बापाची बोटं कधी खोटं बोलत नव्हती. त्याने माझा हात ढकलून दिला. उपरण्याखाली त्याचा अर्थ एकच, ऊठ आणि चालू लाग.

“जोडी झ्याक हाय,” मी उठत राऊला म्हणाले. “दिराला घिऊन येते. पैका त्याच्या कमरंला हाय.”

“बिगी बिगी ये. उन्हं कलायच्या आत सौदा झाला पायजे,” राऊ म्हणाला.

मी पाठ फिरवली. पळावंसं वाटत होतं, तरी बाजार करायला आलेल्या बाईसारखी रमतगमत चालले. मागे सायकलची साखळी करकरत होती. बाळीवाला माझ्या मागावर होता. समोर एका कासारणीने पाल मांडलं होतं, मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि हात पुढे केला.

“सैल सोड गं पोरी,” कासारीण म्हणाली. “मूठ आवळल्यावर काकण कसं चढंल?” मी मूठ उघडली. तिने माझा तळवा आपल्याकडे वळवला. “अगं बया, रगात! काच लागली काय?”

तळव्यावर थोडं रक्त होतं. तिने पदराने पुसलं, उलटसुलट करून बघितलं. “कापलेलं तर न्हाई कुठं,” ती म्हणाली. माझं लक्ष सगळं सायकलकडे होतं. ती बांगड्या भरत राहिली, हिरवी का लाल असं विचारत राहिली, आणि बायकांच्या बांगड्या भरून होईपर्यंत थांबेल असा पुरुष अजून जन्मायचा आहे. बाळीवाला कंटाळून माघारी फिरला.

बाजाराच्या टोकाला लिंबाखाली मुबारकचाचा नालबंद बसत. बैलांना नाल ठोकणारे, आप्पाचे जुने दोस्त. ते एका बैलाला दोरानं आडवा पाडून त्याच्या खुरात खिळे मारत होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि बैलाकडे बघत सगळं सांगितलं.

चाचांनी मान वर केली नाही. “एवढा नाल पुरा करतो,” ते म्हणाले. “अर्ध्यात उठलो तर सारा बाजार बघंल.” त्यांनी राहिलेले खिळे ठोकले. प्रत्येक घाव माझ्या काळजावर बसत होता. मग धाकट्या भावाला हाक मारून त्याच्या कानात सांगितलं, “चौकीवर जाऊन बस. मी विहिरीकडनं निरोप धाडला की मगच हवालदाराला उठीव. तवर तंबाखू मळ.” आणि बैल पाडायचा दोर खांद्यावर टाकून त्यांनी आपली गाडी जुंपली, मला आणि एका गड्याला सोबत घेतलं.

विहिरीवर तो पोरगा तसाच बसला होता.

“काय पाव्हणं, काडीपेटी हाय का?” चाचांनी लांबूनच विचारलं. पोरगा खिशात हात घालतो न घालतो तोच दोराचा फास त्याच्या पायांत पडला आणि बैल आडवा व्हावा तसा तो धप्पकन आडवा झाला. चाचांच्या गड्याने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला. आयुष्यभर माजलेले खोंड पाडले होते त्यांनी, हे कार्टं ते काय.

मी कठड्यावरून वाकले. खाली अंधार होता.

“आवं!” मी हाक मारली. “आवं, ऐकताय का?”

माझाच आवाज परत आला. मी दोनदा, चारदा तसंच ओरडले. आवं, ऐकताय का. मग मला भान राहिलं नाही. जिभेवर कधी न आलेलं ते नाव मी पोटातून ओढून काढलं.

“शिदू! ए शिदू!”

खालून कण्हल्याचा आवाज आला.

गड्याने उतरून यांना दोराला बांधलं आणि आम्ही वर ओढलं. हात बांधलेले, डोक्याला खोक पडलेली, उजवा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला. श्वास होता, पण डोळे उघडत नव्हते. चाचांनी गड्याला चौकीकडे पिटाळलं आणि यांना गाडीत घातलं.

“ह्यो टिकंल का न्हाई, अल्लालाच ठावं,” चाचा म्हणाले. “तू गाडीत बस. तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागंल. आप्पाकडं मी जातो, त्यो धड हाय न्हवं?”

“हाय की,” मी म्हणाले, कासरा घेऊन गाडीत चढले आणि यांचं डोकं मांडीवर घेण्यासाठी हात पुढे केला. नव्या बांगड्या वाजल्या. माझा तळवा माझ्यासमोर होता आणि कासारीण माझ्या कानात म्हणत होती, कापलेलं तर न्हाई कुठं.

मग ते रक्त कुणाचं होतं?

चाचांच्या हातात कासरा देऊन मी गाडीतून उडी मारली. “तुमी ह्यास्नी न्या,” एवढंच बोलले आणि पळत सुटले. काटे, ढेकळं, काही दिसत नव्हतं. देवाला शिव्या घालत मी पळत होते.

माळावर पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. राऊ आणि बाळीवाला दोघांनाही दलालांनी दावणीच्या दोरांनीच बांधलं होतं आणि हवालदार त्यांच्यावर ओरडत होता. आप्पा मात्र होता तिथेच बसला होता. तसाच, मांडीवर घोंगडं घेऊन. फक्त मान एका बाजूला कलली होती.

मी घोंगडं उचललं. खालची माती काळी झाली होती. जांघेत पराणी घुसवली होती त्याच्या, आदल्या दिवशी विहिरीवर, जावयाला सोडवायला मध्ये पडला तेव्हा. जखमेत धोतराचा बोळा कोंबून त्याने तेव्हापासून त्यावर एक हात दाबून धरला होता. लोकांनी बघितलं तर ओरडा झाला असता आणि ओरडा झाला असता तर विहिरीतला वाचला नसता. मला कळलं असतं तर मी तिथून उठलेच नसते. हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

“आप्पा, खोटं बोललास,” मी म्हणाले. मला त्याचा इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना. “उपरण्याखाली खोटं बोललास तू.”

त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. हात मात्र मातीवर चाचपडायला लागला. तो काय शोधतोय ते मला समजलं. पडलेलं उपरणं उचलून मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. भोवतीची सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. सौदा चालू असला की सरायचं असतं.

आप्पाने माझी करंगळी दाबली. मग बोटावर बोट पिळलं. फार वेळ लागला त्याला. शेवटी माझ्या तळव्यात नख ओढलं, ओढलं म्हणजे नुसतं टेकवलं.

तुझी जोडी. खोड?

तालुक्याच्या वाटेवर गाडीत पडलेले हे माझ्या डोळ्यांसमोर आले. न उघडणारे डोळे, तो वळलेला पाय. जिवंत आहेत की वाटेतच संपले, मला माहीत नव्हतं. लहानपणी माझ्या हातांवरून काढून घेतलेलं उपरणं मला आठवलं.

मी तळवा उघडला आणि आप्पाच्या तळव्यावर सपाट ठेवला.

बिनखोड.

त्याने माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्याला कुणी वाईट जनावर चांगलं म्हणून विकू शकलं नव्हतं. त्याने पाहिलं आणि माझ्या तळव्यावर आपला तळवा हलकेच आपटला. सौदा झाला की असं करतात. मग ती बोटं माझ्या हातात सैल पडली. ते उपरणं मी किती वेळ उचललंच नाही. कुणी उचल म्हणालंही नाही.

हे तीन महिने दवाखान्यात होते. पाय आखूड राहिला, अजून लंगडतात. आत्ता ओट्यावर बसून मघापासून चहासाठी ओरडताहेत आणि अंगात कुठे खोड म्हणाल तर तोंड सोडून दुसरी नाही. म्हणजे मी बोलले ते उशिरा का होईना, खरं झालं.

आप्पा बोलला ते काही झालं नाही.